क्रमांक सतरा, मुक्काम तात्पुरता

३ मार्च, मंगळवार. सकाळी ७.१०

नवी वही. जुनी अर्धी कोरी आहे, पण तिच्यात मागच्या वर्षीचे संकल्प आहेत. ते वाचत बसलो की कामाला उशीर होतो.

आजपासून फक्त कामाचं लिहायचं. मन वगैरे नाही. उद्या कोणी विचारलं, हे सगळं एकट्याने उभं कसं केलंत, तर दाखवायला काहीतरी हवं.

वस्तुस्थिती. 'दाराशी श्वान मदत गट'. स्थापना दीड वर्षापूर्वी, आमच्या बाहेरच्या खोलीत. संस्थापक आणि समन्वयक मी. आपल्याकडे शेड नाही, पिंजरे नाहीत, पगारी माणूस नाही. रस्त्यावर सापडलेलं कुत्रं कायमचं घर मिळेपर्यंत कोणाच्या तरी घरी पाहुणं म्हणून राहतं. अशा घराला फॉस्टर घर म्हणतात. माझ्या यादीत अशी सत्तेचाळीस घरं आहेत. पाणीखात्यात मीटर तपासत एकतीस वर्षं घरोघर हिंडलो, त्याचं हे फळ. दार कसं उघडून घ्यायचं हे मला कोणी शिकवायला नको.

नियम क्रमांक चार: समन्वयकाने स्वतःच्या घरी कुत्रं ठेवू नये. माणूस गुंततो आणि निर्णय चुकतात. मी कुत्र्यांना नावंसुद्धा देत नाही. नंबर देतो.

ही, म्हणजे बायको, मुलीकडे आहे. बाळंतपणाला गेली होती. नात आता चालायला लागली. पुढच्या महिन्यात येईल.

५ मार्च, गुरुवार

क्रमांक सतरा आली. बस डेपोच्या मागे टायरच्या ढिगात सापडली. तिथल्या मेकॅनिकचा फोन. तपकिरी मादी, वय अंदाजे सहा, एक कान दुमडलेला, मागचा उजवा पाय मोडलेला. डॉक्टरबाईंनी प्लास्टर घातलं. या आपल्या गटाच्या पशुवैद्य. माझ्या मुलीच्या वयाच्या, मला काका म्हणतात. म्हणाल्या, सहा आठवडे शांत घर लागेल. आणि अजून एक आहे, ही दारातून आत येत नाही. चौकटीशी आली की पोट जमिनीला चिकटवून बसते. कोणीतरी कधीतरी हिला दारातच मारलं असणार.

मी म्हणालो, काळजी सोडा, सत्तेचाळीस घरं आहेत.

त्या काहीच बोलल्या नाहीत. विश्वास असला की लोक बोलत नाहीत.

६ मार्च, शुक्रवार

सकाळी नऊपासून फोन. कापड दुकानवाले: घरात लग्न. बँकेतला कॅशियर: बदली झाली. दातांचे डॉक्टर: फोन उचलला, माझा आवाज ऐकला आणि त्यांची रेंज गेली. दिवसभर आली नाही. त्या भागातल्या टॉवरबद्दल तक्रार करायला हवी. एक गृहस्थ वारले आहेत. मुलगा म्हणाला, गेल्या वर्षीच. मी त्यांना गेल्या महिन्यात वाढदिवसाचा मेसेज पाठवला होता, त्याला उत्तर का नाही आलं ते आता कळलं. नावापुढे 'सध्या उपलब्ध नाही' असं लिहिलं.

संध्याकाळी यश. चौकातले शिंपी तयार झाले. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. मूलबाळ नाही. नवरा-बायको दोघंही मऊ स्वभावाची. माझी निवड कधी चुकत नाही.

८ मार्च, रविवार

सतराला शिंप्यांकडे पोचवलं. दारात बसली. शिंपीणबाईंनी तिला प्लास्टरसकट उचलून आत नेलं आणि लगेच नाव ठेवलं, बॉबीन. मी रजिस्टरमध्ये नंबरच ठेवला.

पहिली तपासणी आजच उरकली. पाच ते पावणेआठ. बाई दोनदा म्हणाल्या, आता जेवायची वेळ झाली. मी म्हटलं, तुम्ही जेवा, माझी अडचण नाही, मी बसतो. जेवताना त्यांना मोठी पाइपलाइन फुटली होती त्या वर्षाची हकीकत सांगितली. शिंपी इतके रंगले की डोळे मिटून ऐकत होते.

हिचा फोन होता. नातीला आणखी दोन दात आले. बाकी विशेष नाही.

१२ मार्च, गुरुवार

रोजची तपासणी सुरू आहे. नियमाप्रमाणे आठवड्यातून एकदा पुरते. पण नियम हा किमान असतो.

आज पाण्याचा वाडगा उजवीकडून डावीकडे घ्यायला लावला. शिलाई मशीन खिडकीकडे सरकवायला सुचवलं. शिंप्यांच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे मला बोलायला बराच वाव मिळाला. बाई दिसल्या नाहीत. बहिणीकडे गेल्या म्हणे. मागच्या खोलीत शिंक आली ती त्यांच्यासारखीच होती. पण शिंका साधारण सारख्याच असतात.

१६ मार्च, सोमवार

धक्का. शिंपी स्वतः सतराला परत घेऊन आले. म्हणाले, कपड्यांना केस लागतात, गिऱ्हाईक ओरडतं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी विचारलं, हिने काही त्रास दिला का? "बॉबीनचं काही नाही हो साहेब, गुणी आहे ती." मग काय? माझ्याकडे बघितलं. "केस," म्हणाले.

इतक्या छोट्या कारणाने लोक माघार घेतात. चिकाटी राहिली नाही.

१८ मार्च, बुधवार

व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंकडे जागा मिळाली. यादीत सव्विसाव्या. एकट्याच राहतात, बंगली, कंपाउंड, फाटक. म्हणाल्या, येणार असाल तर आधी फोन करून या. शिस्तीच्या दिसतात. आवडलं.

२१ मार्च, शनिवार

आज त्यांच्या सांगण्याप्रमाणे फोन करूनच गेलो. फाटकाशी उभा राहून केला. त्या म्हणाल्या, क्लास चालू आहे. मी म्हणालो, चालू द्या, मी मागे बसतो. चार विद्यार्थी होते. मी मागे बसलो. व्हायोलिनच्या आवाजाचा कुत्र्यावर परिणाम काय होतो यावर मध्ये थोडं बोललो. सतरा माझ्या पायाशी येऊन बसली. अर्थात मी माझ्या कामाला गेलो होतो, तिच्यासाठी नाही.

२४ मार्च, मंगळवार. संध्याकाळी

विचित्र प्रकार. साडेसहाला कोपऱ्यावर वळलो तेव्हा बाईंच्या घरात दिवा होता. फाटकाची कडी वाजली आणि दिवा गेला. आतून सतरा एकदा भुंकली. माझ्या पावलांचा आवाज ओळखते! मग कोणीतरी "शू" केलं.

आजूबाजूला सगळीकडे वीज होती. म्हणजे फ्यूज. खिडकीशी जाऊन मोठ्याने विचारलं, फ्यूजचं बघू का? उत्तर नाही. अंधारात बाई घाबरल्या असतील. वीस मिनिटं बाहेरच उभा राहिलो. सोबत म्हणून.

२६ मार्च, गुरुवार

बाईंनी सतराला परस्पर दवाखान्यात नेऊन सोडलं. कारण, विद्यार्थ्यांचं लक्ष लागत नाही. मला फोनसुद्धा नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, काका, आता हिला सारखं इकडून तिकडे करता येणार नाही, आणि माझ्याकडे दवाखान्यात जागा नाही.

दोन दिवस माझ्याकडे ठेवतो म्हणालो. फक्त दोन दिवस. नियम चार मोडलेला नाही, स्थगित केला आहे.

२९ मार्च, रविवार

सतरा घरात येत नाही. बाहेरच्या ओट्यावर पायपुसण्यावर बसून असते. मी दार उघडं ठेवून आत खुर्ची टाकून बसतो. हवा येते.

ब्रेडचा तुकडा चौकटीच्या आत ठेवला. मान लांब करून घेतला, पाय बाहेरच. तिला वाचून दाखवायला काही नव्हतं म्हणून गटाच्या पहिल्या सभेचं इतिवृत्त वाचलं. सोळा जण हजर होते त्या सभेला. काय दिवस होते. ऐकताना कान उभा केला, जो उभा होतो तो.

हिचा फोन. मागे सतरा भुंकली. हिने विचारलं, कोण आहे? मी म्हणालो, सहकारी. ही हसली. खूप दिवसांनी हसली. मग म्हणाली, पुढच्या महिन्यात बघते.

१ एप्रिल, बुधवार. सकाळी ८.४०

अंडं तळत होतो. मागे नखांचा आवाज आला. वळून बघितलं नाही. फक्त ताटल्यांच्या स्टीलमध्ये दिसलं तेवढं. सतरा स्वयंपाकघराच्या मधोमध उभी, चार पाय आत, अंग थरथरतंय. मी हललो नाही. अंडं काळं झालं, धूर झाला, तरी नाही हललो.

मग ती बसली.

नोंद: प्राण्याच्या वर्तनात समाधानकारक प्रगती. करपलेलं अंडं दोघांनी खाल्लं.

९ एप्रिल, गुरुवार

दोन दिवसांचे आता चौदा दिवस झालेत. योग्य घर शोधतो आहे, घाई करून चालणार नाही. यादीतल्या अकरा जणांना मेसेज केले. सगळ्यांनी वाचले, निळ्या खुणा आल्या. म्हणजे विचार चालू आहे.

सतरा हिच्या बाजूला पलंगाखाली झोपते. तिथे हिच्या जुन्या सपाता आहेत, त्यावर मान ठेवून. उठवायला बरोबर वाटत नाही. सपाता कोणी वापरत नाही तसंही.

आज मी तिला सलग दीड तास पाणीखात्याबद्दल सांगितलं. ती उठून गेली नाही. प्लास्टर आहे हे खरं, पण मनात असतं तर गेली असती.

१९ एप्रिल, रविवार

गटाची सर्वसाधारण सभा. बारा खुर्च्या मांडल्या, बिस्किटं, चहाचा मोठा थर्मास. ग्रंथपाल बाई आल्या. यांनीच सुरुवातीला माझ्याबरोबर गट काढला. वीस मिनिटं होत्या. बाकीचे वाटेत असतील म्हणून मी अहवालाचं वाचन लांबवलं.

बाईंनी जाताना चपला घालता घालता विचारलं, "काका, तपासण्या जरा कमी करता येतील का?" मी म्हणालो, उलट वाढवायला हव्यात, माणसं कमी पडतात. त्या म्हणाल्या, "हो, माणसं कमी पडतात." आमचं या मुद्द्यावर एकमत झालं.

सतराच्या पायाचं प्लास्टर शुक्रवारी काढलं. थोडी लंगडते. अकरा खुर्च्या आत न्यायला तेवढाच वेळ गेला.

२८ एप्रिल, मंगळवार

पँटची शिवण उसवली म्हणून शिंप्यांकडे गेलो. टेबलाखाली काळं कुत्रं. पट्टा, वाडगा, अंथरुण, सगळं व्यवस्थित. शिंपीणबाई त्याला भरवत होत्या. मला बघून चमचा हातातच राहिला.

मी विचारलं, कापडाला केस लागत नाहीत का याचे? शिंपी म्हणाले, हे काळं आहे ना साहेब. मग स्वतःलाच पटलं नसावं, मान खाली घालून बसले. पट्ट्यावर एक छोटा बिल्ला होता. 'शांत घर, फॉस्टर गट'. फोन नंबर ग्रंथपाल बाईंचा.

शिवण तशीच घेऊन परत आलो.

२९ एप्रिल, बुधवार. दुपारी

दवाखान्यात गेलो. भिंतीवर 'शांत घर'चा फलक. स्थापना जानेवारीत. नऊ कुत्री फॉस्टर घरांत, सहांना कायमची घरं मिळाली. व्हायोलिनवाल्या बाईंकडे दोन पिल्लं! दातांच्या डॉक्टरांकडे एक. त्यांना रेंज आली म्हणायची. सगळी माझ्या यादीतली माणसं. अगदी बिनधास्त माझीच यादी.

मी जाम भडकलो. डॉक्टरबाईंना म्हणालो, मला चार महिने अंधारात ठेवलंत. ही चोरी आहे. माझ्या कामात काय कमी होतं ते सांगा, आत्ता सांगा. त्या एका मांजराला इंजेक्शन देत होत्या. आधी ते पूर्ण केलं. हात धुतले. मग स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाल्या, बसा काका.

"लोक कुत्र्याला घरात जागा द्यायला तयार असतात. तुमच्या गटात कुत्र्याबरोबर तुम्हालाही द्यावी लागते. ते त्यांना जमत नाही."

मी म्हणालो, मी तर तपासणीला जातो.

"तीन-तीन तास, काका? रोज?"

मी म्हणालो, काम असतं.

त्या म्हणाल्या, "मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं. कोणालाच नव्हतं. म्हणून कोणी सांगितलं नाही. ते आमचं चुकलंच."

वाक्य जसंच्या तसं उतरवून ठेवलं आहे. अर्थ नंतर बघू.

३० एप्रिल, गुरुवार

विशेष नाही.

२ मे, शनिवार

विशेष नाही. सतराला फिरवलं. शिंप्यांच्या चौकातून न जाता मागच्या रस्त्याने.

४ मे, सोमवार

निर्णय झाला. सतराला मीच कायमची दत्तक घेणार. नियम चार रद्द. नियम करणारा मी, रद्द करणारा मी. गट गेला खड्ड्यात. त्यांना कळेल एकेक कुत्रं सांभाळणं म्हणजे काय असतं.

तरी पद्धत सोडायची नाही. दत्तक फॉर्म भरायला घेतला. अर्जदाराचा व्यवसाय: निवृत्त. घरात माणसं किती: दोन. कुत्रं दिवसातून किती तास एकटं राहील: शून्य. बाकी रकाने उद्या.

१० मे, रविवार

हिचा फोन. फॉर्म पुढ्यात होता. हिच्या सहीचीही जागा आहे, घरातल्या सर्व प्रौढ व्यक्तींची संमती. म्हणून सरळ विचारलं, कधी येतेस?

पलीकडे नात काहीतरी आपटत होती.

"अहो, तुम्ही विचारायच्या आधीच मी दर वेळी पुढच्या महिन्यात म्हणून टाकते. आज खरंच विचारताय का?"

मी हो म्हणालो.

"मग नाही येणार. इथे बरं वाटतं मला. तुमच्यावर राग नाही माझा."

मी विचारलं, माझं काही चुकलं का? ही म्हणाली, चुकलं असं नाही हो. नोकरीत होतात तेव्हा दिवसभर लोकांच्या घरी बोलून यायचात आणि आपल्या घरी गप्प बसायचात. निवृत्त झालात आणि ते सगळं बोलणं एकदम माझ्या एकटीवर आलं. दम लागायचा मला. मधल्या मध्ये तुम्ही कधी मला काही विचारलंच नाहीत.

मग मी विचारलं, कशी आहेस? ही रडली थोडी. गुडघा दुखतो म्हणाली. नातीच्या मागे धावून दुखतो, पण त्याचं काही वाटत नाही. मी ऐकलं. मध्ये मलाही गुडघ्याचं सांगायचं होतं, सांगितलं नाही. शेवटी म्हणाली, "तुम्ही या की इकडे. आठ दिवसांसाठी या."

आठ दिवसांसाठी, हे दोनदा म्हणाली.

फॉर्ममध्ये 'दोन' खोडून 'एक' केलं. खाडाखोड चालत नाही, म्हणून नवा फॉर्म घेतला. तो अजून कोरा आहे.

१३ मे, बुधवार

ग्रंथपाल बाईंचा फोन. तीन वेळा वाजू दिला, मग उचलला. आधी माफी मागितली. मी म्हणालो, त्याची गरज नाही. गरज होती, पण तसं म्हणालो नाही.

मग कामाचं. गावाबाहेर रोपवाटिका चालवणाऱ्या दोघी बहिणी आहेत. त्यांच्याकडे एक म्हातारा कुत्रा आहे, त्याला सोबत हवी. उघडी जागा, नुसत्या मांडवाच्या शेड, दारं जवळजवळ नाहीतच. कुत्रं कुत्र्याच्या मागे दारातून सहज जातं, असं डॉक्टरबाईंचं मत. त्यांना सतरा हवी आहे. मला फक्त बघायला या म्हणाल्या. निर्णय तुमचा.

मी म्हणालो, सतराला दत्तक घेणारा अर्जदार आधीच आहे. कोण, विचारलं. विचाराधीन आहे म्हणालो.

१४ मे, गुरुवार

सतरा आजही दारात पाच मिनिटं थांबली. दर वेळी थांबते. दीड महिना झाला. मी आत बसतो, हाक मारत नाही, मग ती येते. मला वाटत होतं ही आमची पद्धत आहे. आज तिच्याकडे नीट बघितलं. ती भीत होती. प्रत्येक वेळी, पाचही मिनिटं.

१६ मे, शनिवार

गेलो. बघायला म्हणून.

रोपवाटिकेला एक फाटक आहे, लाकडी, लुटुपुटीचं. सतरा त्याच्याशी थांबली, पोट टेकवायला लागली. आतून त्यांचा म्हातारा कुत्रा आला. पिवळट, जाड, एका डोळ्यात फूल पडलेलं. त्याने हिला हुंगलं, शेपटी दोनदा हलवली, आणि आपल्या वाटेने परत आत निघाला. सतरा उठली आणि त्याच्या मागे गेली. फाटकातून. थांबली नाही. लंगडत लंगडत त्याच्या मागे कुंड्यांच्या ओळीतून शेवटपर्यंत गेली आणि दोघं पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली.

मोठी बहीण म्हणाली, कागद आज करायचे की विचार करायचा आहे? मी म्हणालो, आज. पेन माझ्याच खिशात होतं.

सतराचं काय काय सांगायचं होतं. ब्रेडची कड आवडते, स्टीलचा आवाज आवडत नाही, पलंगाखाली मान ठेवायला काहीतरी मऊ लागतं. एका कागदावर चार ओळींत लिहून दिलं. धाकटीने विचारलं, हिचं नाव काय? मी म्हणालो, नाव नाही. मग म्हणालो, सतरा. तिला वाटलं मी वय सांगतोय.

चहा विचारला त्यांनी. खुर्चीसुद्धा पुढे केली. नको म्हणालो. बस पावणेपाचची होती. सव्वाचार झाले होते. स्टॉपवर उभा राहिलो.

१८ मे, सोमवार

संकल्प: तपासणीला जायचं नाही.

२० मे, बुधवार

रोपवाटिकेवरून जाणाऱ्या बसने सहज एक चक्कर मारली. उतरलो नाही. वेग जास्त होता, काही दिसलं नाही. ड्रायव्हरला जरा हळू घे म्हणणार होतो. तो म्हणाला असता, का? म्हणून नाही म्हटलं.

२५ मे, सोमवार. सकाळी

'दाराशी'च्या ग्रुपवर निरोपाचा मेसेज टाकला. गट आजपासून बंद करत आहे, सर्व स्वयंसेवकांचे आभार, सर्वांनी 'शांत घर'ला सहकार्य करावं. लिहायला दोन तास लागले. एका मिनिटात चौदा अंगठे आले. दीड वर्षात गटाला इतका प्रतिसाद कधीच आला नव्हता.

शिंप्यांनी अंगठा नाही पाठवला. ते दुपारी घरी आले आणि न विचारता पँट मागून घेतली. उसवलेली शिवण घालून देतो म्हणाले. पाच मिनिटं बसले. मी पाइपलाइनचं काही काढलं नाही. विचारलं, काळ्याचं नाव काय ठेवलंत? 'गुंडी', म्हणाले, आणि मग स्वतःहूनच गुंडीचं अर्धा तास सांगितलं. रात्री पायावर झोपते, बाईंच्या हातून खाते, त्यांच्या हातून खात नाही, याचं त्यांना वाईट वाटतं. पाच मिनिटांचा अर्धा तास झाला तो त्यांच्यामुळे. माझ्यामुळे नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

२ जून, मंगळवार

'शांत घर'चा फॉर्म भरला. फॉस्टर घर म्हणून. समन्वयक नाही, सल्लागार नाही. सल्लागार असा रकाना नव्हताच. घरात माणसं: एक. अनुभव: एक कुत्री, एकावन्न दिवस. आधी 'दीड वर्ष' असं लिहिलं होतं, मग खरं ते लिहिलं.

मला वाटतं त्यांना माझी गरज आहे. यादी मोठी असली तरी भरवशाचं घर मिळणं अवघड. हे मला ठाऊक आहे.

६ जून, शनिवार

तयारी. पायपुसणं धुतलं. पलंगाखालून झाडलं. नवा वाडगा आणला, स्टीलचा नाही, मातीचा. तपासणीला कोणीतरी बुधवारी येणार. वेळ दिली नाही. सकाळपासून घरी असावं लागेल. तसा असतोच.

१० जून, बुधवार

तपासणीला एक परिचारिका आल्या, ड्यूटीवरून थेट, युनिफॉर्मवरच. आधी कधी पाहिलं नव्हतं. मी चहा, बिस्किटं, दोन खुर्च्या, गटाची जुनी रजिस्टरं, सगळं मांडून ठेवलं होतं. त्यांनी दारं-खिडक्या बघितल्या, अंगण बघितलं, वाडगा बघून चांगला आहे म्हणाल्या. दोन प्रश्न विचारले. आजारी पडलात तर कोण बघेल? शिंपी, म्हणालो. का सांगितलं कोण जाणे, त्यांना विचारायला हवं. दुसरा प्रश्न, कुत्रं परत द्यायची वेळ आली की त्रास होतो, जमेल का? जमलंय एकदा, म्हणालो.

मी म्हणालो, बसा ना, घाई काय. त्या म्हणाल्या, अजून तीन घरं आहेत आज.

अकरा मिनिटं. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण लक्ष होतं. काम चोख. एक वाक्य जास्त नाही. बिस्किटांचं झाकण लावलं.

११ जून, गुरुवार

शिंप्यांना विचारलं. मी आजारी पडलो तर कुत्रं बघाल का? त्यांनी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, बघू ना, आणून सोडा आमच्याकडे. मग म्हणाल्या, तुमचंही बघू, फार दिवस आजारी पडू नका म्हणजे झालं.

१५ जून, सोमवार. सकाळी

'शांत घर'चा मेसेज: "तुमचं घर फॉस्टरसाठी पसंत आहे. अभिनंदन! सध्या आमच्या सर्व कुत्र्यांना घरं मिळालेली आहेत. गरज पडली की क्रमाने कळवू. तुमचा क्रमांक एकोणतीस."

म्हणजे या घडीला एकही कुत्रं घराविना नाही. एकही नाही. यासाठीच तर हे सगळं सुरू केलं होतं.

'फार आनंद झाला' असं उत्तर पाठवलं. चुकून दोनदा गेलं.

सव्वानऊ झालेत.